रील टाकून फ्लॅट विकला जातो का?

"ताई, त्या रील्सनी खरंच फ्लॅट विकले जातात का?" आठवड्यातून दोनदा तरी कुणीतरी हे विचारतं. बहुतेक जण या धंद्यात नव्यानं उतरलेले असतात. मी पुण्यात सिंहगड रस्ता, वडगाव, धायरी या भागात रीसेलचं, म्हणजे वापरातले फ्लॅट विकून देण्याचं, काम करते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही, रीलनं फ्लॅट विकला जात नाही. तीस सेकंद बघून कुणी वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेत नाही. पण रील नीट केली, तर ज्याला ते घर चालणारच नाही त्याचा रविवार वाचतो. जो येतो तो मनाशी बरंचसं ठरवून येतो.

सुरुवातीला मी उलटंच करत होते. वाइड अँगल लावून दहा बाय दहाची बेडरूम हॉलएवढी दाखवायची, मागे गाणं टाकायचं. फोन धडाधड यायचे. एकदा सांगलीचं एक कुटुंब पहाटेच निघून फ्लॅट बघायला आलं. बेडरूमच्या दारात उभ्या राहून काकू म्हणाल्या, "व्हिडिओत मोठी वाटत होती हो." खाली आलो तर टँकर रिकामा होत होता. टँकरबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. चहालाही न थांबता ती माणसं परत गेली. चूक माझी होती आणि ती मला अजून बोचते.

तेव्हापासून शूटिंगला मी टेप नेते. भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप धरायची आणि आकडा कॅमेऱ्यासमोर मोठ्यानं वाचायचा. जुन्या इमारतींच्या करारात बिल्टअप, म्हणजे भिंतींसकटचं क्षेत्रफळ, लिहिलेलं असतं, बोलताना सगळे सेलेबल, म्हणजे जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागांचा वाटाही धरलेलं, सांगतात आणि घेणाऱ्याला कपाट कुठे बसेल ते बघायचं असतं. टेपपुढे हे सगळे वाद मिटतात. मग पाणी: महापालिकेचं किती वेळ येतं, टँकर लागतो का, मेंटेनन्स किती. पार्किंग करारात आहे की नुसतं तोंडी. किंमतही तिथेच सांगते. "किंमत इनबॉक्समध्ये" हा प्रकार मला पटत नाही. बजेट नसलेल्या माणसाला उगाच ताटकळत का ठेवायचं?

मालकाला विचारल्याशिवाय कॅमेरा काढत नाही. दारावरची पाटी, देवघर, भिंतीवरचे फोटो, कपाटं यांतलं काहीच दाखवत नाही. घर अजून त्यांचं असतं. पितृपंधरवड्यात व्यवहार थंडावतात, तेव्हा शूटिंग उरकून घेते.

नव्या प्रकल्पांबद्दल मात्र हात जोडून सांगते, बिल्डरकडून आलेलं पोस्टर डोळे मिटून पुढे ढकलू नका. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केलेल्या २०१६ च्या रेरा कायद्यानं, नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पाची नोंदणी होण्याआधी जाहिरात करता येत नाही, मग ते "लवकरच येत आहे" का असेना. व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस हीसुद्धा जाहिरातच. ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोडही लागतो. तो आधी स्वतः स्कॅन करून बघा, ताबा कधीचा लिहिलाय ते वाचा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टनं एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवता येतो, पण तिची एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून भेटीनंतर मी प्रत्येकाला नंबर सेव्ह करायला सांगते आणि शनिवारी संध्याकाळी, रविवारच्या बेतांआधी, रील पाठवते.

गेल्या वर्षी जर्मनीतल्या एका मुलानं आईवडिलांसाठी बघताना रीलखाली एवढंच विचारलं, "लिफ्टपर्यंत पायऱ्या किती?" मी खाली जाऊन मोजल्या. सहा होत्या. त्याच्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तो विषय तिथेच संपला. आता प्रत्येक रील मी इमारतीच्या फाटकापासून सुरू करते आणि लिफ्टपर्यंत चालत जाते. तीन आठवड्यांनी एकही पायरी नसलेली इमारत मिळाली. तिची रील टाकली, त्या रात्री त्याचाच फोन आला. रविवारी त्याचे आईबाबा रिक्षातून उतरले आणि काका कुणाचा हात न धरता लिफ्टपर्यंत गेले.