उजनीच्या टक्केवारीपलीकडचं गाव

सोलापुरात उजनी धरण म्हणजे आकडा. पावसाळ्यात पेपर उघडला की आधी तोच बघायचा: अजून मायनसमध्येच आहे, की प्लसमध्ये आली? 117 टीएमसीचं धरण, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा; पाणी त्याच्याही खाली गेलं की मायनस. नळाला किती दिवसांआड पाणी येणार, हे त्यावर ठरतं. त्या पाण्यावर जगणारी गावं मात्र पुण्याला जाताना रेल्वेच्या खिडकीतूनच पाहिलेली. यंदा जानेवारीत मुद्दाम भिगवणला उतरलो आणि उजनीच्या काठावरचं कुंभारगाव गाठलं.

इथं आधी भीमेचा काठ होता आणि काळी, कसदार शेतं. 1980 मध्ये धरण पूर्ण झालं आणि इंदापूर, करमाळ्याकडची गावंच्या गावं पाण्याखाली गेली. देवळं, वाडे, विहिरी, सगळं. डिकसळचा इंग्रजांच्या काळातला पूल खरं तर रेल्वेचा. रूळ दुसरीकडून गेले, मग त्यावरून गावोगावची वाहनं जाऊ लागली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी फारच खाली गेलं की उघडं पडतं, आणि लोक दर्शनाला जातात.

जमीन गेली, मासळी आली. नदीत पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणारे भोई होतेच. एवढ्या मोठ्या जलाशयात कटला, रोहू, मरळ मिळू लागल्यावर धंदा वाढला, भिगवणचा मासळीबाजार नावारूपाला आला. आता जाळ्यात जास्त करून चिलापीच येते. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथं उतरतं. त्या हिरव्या पाण्यातही चिलापी तगते. हेच पाणी पुढे आपण पितो, याचा मला मनापासून राग आहे.

होडीवाले दादा मासेमारी करणाऱ्या घरातलेच. "आमच्या आज्याचं रान ह्याच पाण्याखाली हाय," म्हणाले आणि बोटानं जागा दाखवली. तिथं नुसतं पाणी. पुढे उथळ आल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, बांबूनं होडी रेटत नेली.

आणि समोर रोहित! फ्लेमिंगो म्हटलं की लगेच कळेल. लांब मान खाली, चोच उलटी करून गाळात बुडवलेली; पायांनी चिखल ढवळत एकेक पक्षी जागच्या जागी गोल फिरत होता. त्या चोचीतच चाळणी असते, पाणी बाहेर आणि शेवाळ, बारीक जीव आत. काही उडाले तेव्हा पंखांखालचा लालभडक रंग दिसला. अग्निपंख हे नाव त्यावरूनच. पलीकडे हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले रानहंस, निवांत बसले होते.

रोहितांना गुडघाभर पाणी आणि उघडा गाळ लागतो. "पाणी वसराय लागलं की आमचा शिजन," दादा म्हणाले. म्हणजे उजनी खाली जाऊ लागते, सोलापूरकरांच्या पोटात गोळा येतो, तेव्हाच या काठावर गाड्यांची रांग लागते. पहाटे जाळी, मग पर्यटक, दुपारी घरच्या अंगणात चिलापी फ्राय आणि भाकरी, असं इथल्या कित्येक घरांचं हिवाळ्यातलं वेळापत्रक. शेजारच्या होडीतून कुणीतरी ओरडलं, "थवा उडवा ना, व्हिडिओ काढायचाय!" त्यांच्या होडीवाल्यानं सरळ नाही म्हटलं. फार बरं वाटलं. पक्षी खायला आलेत, त्यांना खाऊ द्यावं.

जायचं तर डिसेंबर ते मार्च, उजाडताच होडीत बसावं. याच पाण्याच्या काठावरचं केत्तूर तर आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, करमाळा तालुक्यात. पुढच्या थंडीत मी तिकडूनच होडी धरणार आहे.