कॅज्युअल्टीची गर्दी बिलाच्या खिडकीवर अडते

मी सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात कॅज्युअल्टीला मेडिकल ऑफिसर आहे. गर्दी कमी करण्यासाठी आम्ही बरंच केलं. लाल-पिवळा-हिरवा ट्रायाज, म्हणजे गंभीरतेनुसार पेशंटची वर्गवारी, सुरू केला, किरकोळ जखमा-तापाचे पेशंट शेजारच्या खोलीत बघायला लागलो. तेवढं मार्गी लागलं. घोडं अडलं ते वरच्या वॉर्डातल्या डिस्चार्जपाशी, आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

संध्याकाळी सातला आमच्या सगळ्या ट्रॉल्या भरलेल्या असत. त्यातल्या कितीतरी पेशंटचं आमच्याकडचं काम संपलेलं असे. केसपेपरवर ‘अ‍ॅडमिट’ लिहिलेलं, सलाईन चालू, फक्त वर बेड नाही. पोर्चमध्ये 108 ची गाडी उभी, कारण तिचा स्ट्रेचर आमच्याच पेशंटखाली अडकलेला. पायलट, म्हणजे गाडीचा ड्रायव्हर, सारखा आत येऊन विचारायचा, ‘सर, स्ट्रेचर मिळेल का?’ तोवर त्याच्या भागातल्या माणसाला ती गाडी मिळणार नाही, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

मीटिंगमध्ये उपाय एकच निघायचा: ट्रॉल्या वाढवा. पण रांगांचा अभ्यास करणाऱ्या जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेलं गणित सोपं आहे. ताशी येणारे पेशंट गुणिले सरासरी मुक्काम, तेवढी माणसं आत. ताशी 8 पेशंट आणि मुक्काम 3 तास, तर 24. तेवढेच पेशंट येऊनही मुक्काम 6 तासांचा झाला, तर 48. ट्रॉली वाढवून मुक्काम कमी होत नाही.

म्हणून एका डिस्चार्जच्या फायलीमागे मी स्वतः फिरलो. राऊंडला ‘उद्या नको, आजच घरी’ असं ठरलं सकाळी. रेसिडेंट डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये, त्यामुळे डिस्चार्ज कार्ड दुपारी लिहिलं गेलं. मग सरांची सही. मग सरकारी आरोग्य योजनेचे कागद ते काम बघणाऱ्या आरोग्यमित्राकडे. तिथून बिलाच्या खिडकीवर गेलो, तर जेवणाची सुट्टी. नातेवाईक गावाहून एसटीने येणार. बेड मोकळा झाला दिवेलागणीला, म्हणजे खाली आमची झुंबड उडते नेमकी तेव्हा.

खिडकी लवकर उघडा, जेवायला आळीपाळीने जा, एवढाच माझा अर्ज होता. तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. शेवटी उत्तर मिळालं, ‘हा विषय तुमच्या विभागाचा नाही.’ पेशंट माझ्या ट्रॉलीवर, पण विषय माझा नाही! कारकुनाचाही दोष नव्हता. त्याला खालची ट्रॉली दिसतच नव्हती. मी त्या फायलीच्या वेळा एका कागदावर मांडल्या आणि कार्यालयीन अधीक्षकांना संध्याकाळी सातला कॅज्युअल्टीत यायची विनंती केली. ते आले, थांबले, पायलटशी बोलले. त्यानंतर खिडकीची वेळ बदलली.

तुम्ही हे करणार असाल, तर कार्ड आदल्या संध्याकाळीच लिहून ठेवा आणि नातेवाइकांना तेव्हाच कळवा. वॉर्डातून ‘बेड झाला’ असा फोन येईल, यावर विसंबू नका; भरलेल्या वॉर्डात दोनच सिस्टर असतील तर त्यांना नवा पेशंट लगेच नको असणं साहजिक आहे. एखाद्या सिस्टरला फक्त बेड बघत फिरण्याचं काम द्या. आणि हो, घड्याळ एकट्या कॅज्युअल्टीला लावू नका. इंग्लंडमध्ये पेशंटला चार तासांत कॅज्युअल्टीतून हलवायचं लक्ष्य आलं, तेव्हा शेवटच्या काही मिनिटांतच खूप पेशंट हलवले जाऊ लागले.

आता संध्याकाळी 108 चा स्ट्रेचर बहुतेक वेळा लगेच परत जातो. सोमवारी मात्र जैसे थे, कारण रविवारी खिडकी बंद असते. त्याचा अर्ज दिला आहे.