चोवीस किलो शिसं

लोकांना वाटतं, स्कूबा शिकवणारा माणूस म्हणजे दिवसभर मासे आणि प्रवाळ. माझ्या हिशेबात हे काम बारा आणे हमालीचं आहे. आमची एक टाकी भरल्यावर सतरा किलोच्या आसपास भरते. ॲल्युमिनियमची, अकरा लिटरची, २०० बार दाबाची. त्या सतरातले पावणेतीन किलो नुसती हवा. मोकळी सोडली तर बावीसशे लिटर होईल एवढी. भरलेली आणि रिकामी टाकी काट्यावर ठेवून दाखवल्याशिवाय हे कुणालाच पटत नाही. आणि ती हवाच असते, ऑक्सिजन नव्हे. शुद्ध ऑक्सिजन ओढत सहा मीटरच्या खाली गेलात तर पाण्यात आकडी येऊ शकते. हे मी दर कोर्सला सांगतो, तरी घरी जाऊन सगळे ‘ऑक्सिजन सिलिंडर लावून उतरलो’ असंच सांगतात.

मालवणात आमचा सीझन ऑक्टोबर ते मे. पावसात समुद्र बंद, मग घाटावरच्या शहरांत कुणाचा तरी पोहण्याचा तलाव भाड्याने घेऊन कोर्सचा पहिला भाग तिथे उरकायचा. तलावाजवळ कॉम्प्रेसर नसतो, म्हणून टाक्या इथूनच भरून न्यायच्या. जुलैतली ती फेरी कोल्हापूरची होती. गाडीत मी, आमच्याकडे कामाला असलेला एकोणीस वर्षांचा पोरगा, आठ भरलेल्या टाक्या, चार जणांचं बाकीचं सामान आणि शिसं.

टाक्या गाडीत कशा ठेवायच्या, यावर मी तासभर बोलू शकतो. बोललोही आहे, लोक उठून गेले आहेत. आमच्या किनाऱ्यावर सीझनमध्ये टाक्या पिकअपच्या हौद्यात नारळासारख्या टाकून नेतात. वळणावर त्या एकमेकींवर आपटतात तो आवाज ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. बोललं की उत्तर ठरलेलं, ‘अरे, घरचो सिलिंडर नाय नेत?’ घरच्या सिलिंडरमध्ये दाब पाच-सात बार असतो रे बाबा. इथे दोनशे. आणि टाकीचा सगळ्यात नाजूक भाग, म्हणजे वरचा पितळी व्हॉल्व्ह, मानेसारखा बाहेर आलेला. पडल्यावर पहिला मार तोच खातो.

आमच्या जुन्या बोलेरोतले मागचे समोरासमोरचे बाक मी काढून टाकले आणि त्या जागी सुताराकडून फणसाच्या लाकडाचा घोडा करून घेतला. दोन मजली, खाली चार टाक्या, वर चार. प्रत्येक टाकीला तिच्या गोलाईचा खाच, खाचेत जुन्या फाटक्या वेटसूटचं रबर चिकटवलेलं. टाक्या गाडीच्या रुंदीत झोपवायच्या, लांबीत नाही. लांबीत ठेवली तर ब्रेक लागल्यावर टाकी सरळ पुढे घसरते, आणि पुढे माणसं बसलेली असतात. रुंदीत ठेवली तर ती लोळायला बघते. लोळणं खाचेने अडवता येतं, घसरणं अडवणं कठीण. व्हॉल्व्ह सगळे एका बाजूला, त्यावर टोप्या. मग दोन रॅचेटचे पट्टे, तेही बाकांच्या मूळ बोल्टच्या भोकांत बसवलेल्या कड्यांना. नायलॉनची दोरी नको. ओली झाली की ती ताणली जाते, आणि पावसाळ्यात आमच्याकडे ओलं नसलेलं काय असतं? घोड्याचं तोंड मधल्या सीटच्या पाठीला घट्ट टेकलेलं. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारी यंत्रं, डब्यात. बीसीडी, म्हणजे हवा भरून फुगणारी जॅकेटं, फटींमध्ये कोंबलेली. सुतार म्हणाला होता, ‘पाळणो केलास रे टाक्यांचो.’

त्या दिवशी पहाटे पाचला, पावसात, हे सगळं बांधून झालं. पोरग्याने रॅचेट कसे ओढले तेही मी तपासलं. उरलं शिसं. दोन-दोन किलोचे बारा ठोकळे, एका खताच्या गोणीत. एरवी ते कमरेला बांधायच्या पट्ट्यात ओवून नेतो, पण तलावावर प्रत्येकाला वजन कमीजास्त करून बघायचं असतं, म्हणून सुटेच घेतले होते. ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की वर तरंगायला बघते, त्यामुळे शिशाशिवाय भागत नाही. गोणी मी माझ्या सीटच्या मागे, पायाशी ठेवली.

पोरगा म्हणाला, “दादा, ह्यां बांधूक नको?”

मी म्हणालो, “तां खय जातला? जड आसा.”

कसालवरून कणकवली, फोंड्याला चहा, मग घाट. घाटात धुकं इतकं की पुढच्या ट्रकचे मागचे दिवे तेवढे कळत होते. वर दाजीपूरला रस्ता सपाट होतो, तिथे जरा मोकळं वाटलं म्हणून वेग चाळीसवर नेला. पोरगा माझ्या शेजारी डुलक्या घेत होता. आणि समोर धुक्यात चार पांढरे पाय दिसले. आधी फक्त पायच. गव्याचे पाय गुडघ्यापासून खाली मोजे घातल्यासारखे पांढरे असतात आणि वरचं अंग काळं, त्यामुळे धुक्यात पाय आधी येतात आणि जनावर मागाहून. मी ब्रेकवर उभा राहिलो. गाडी ओल्या रस्त्यावर थोडी तिरकी होऊन थांबली, त्याच्यापासून एका गाडीएवढ्या अंतरावर. तो टनभराचा ऐवज आमच्याकडे बघत उभा राहिला, मग कारवीत उतरला.

मी पहिल्यांदा मागे वळून घोडा बघितला. बोटभरसुद्धा हलला नव्हता. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी गव्यापेक्षा मला त्या घोड्याचंच कौतुक वाटलं. पोरग्यालाही दाखवलं, ‘बघितलंस?’ मागे काहीतरी धडपडल्याचा आवाज झाला होता, तो मी बीसीडीचा धरला. उतरून बघितलं नाही.

राधानगरीच्या दिशेने उतार लागला. पहिल्या वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल अर्ध्यावर जाऊन थांबलं. मऊ पडलं असतं तर हवा धरली म्हटलं असतं. हे टणक होतं, दगडावर पाय ठेवल्यासारखं. गाडी थोडी मंदावली, पण हवी तेवढी नाही. तिसऱ्यातून दुसरा टाकला, इंजिन बोंबललं, हँडब्रेक ओढत ओढत डाव्या बाजूच्या चिखलात गाडी घातली. उभी राहिली. सगळं मिळून सात-आठ सेकंदांचं प्रकरण.

खाली वाकून बघितलं. ब्रेकच्या पेडलमागे शिशाचा एक ठोकळा उभा अडकला होता, अंगाच्या साबणाच्या वडीहून जरा मोठा. दुसरा क्लचच्या बाजूला, आणखी तीन माझ्या सीटखाली. ब्रेक लागला तेव्हा गोणी सीटच्या रुळावर आपटून फाटली होती आणि ठोकळे रबरी मॅटवरून पुढे आले होते.

मी एकेक उचलून मोजले. अकरा भरले. बारावा सापडेपर्यंत गाडी हलवायची नाही असं ठरवलं आणि पंधरा मिनिटं पावसात टॉर्च घेऊन शोधत बसलो. तो गिअरच्या बुंध्याशी, चटईखाली गेला होता. मग सगळे पट्ट्यांत ओवले आणि पट्टे घोड्याच्या पायाला गुंडाळून बकल लावलं. पाच मिनिटांचं काम होतं. मालवणातही तेवढंच लागलं असतं.

कोल्हापूरला सेशन नीट झालं. तिथे मी नेहमीचं भाषणही दिलं, की सामान सुटं ठेवायचं नाही, गाडीत नाही, बोटीवर नाही. एकाने वहीत लिहून घेतलं.

मी अजून त्या ‘जड आसा’वर अडकलो आहे. कारण हिशेब मला येतो. वस्तू जड असली की ती जमिनीला जास्त घासते हे खरं, पण ब्रेक लागल्यावर तिला पुढे ढकलणारा जोरही त्याच पटीत वाढतो. दोन्ही वजनाबरोबरच वाढतात, म्हणून वजन त्यातून कटून जातं. ओल्या रबरावर दोन किलो आणि चोवीस किलो साधारण एकाच वेळी निसटतात. फरक पुढे, जिथे आपटतात तिथे पडतो. नुसत्या ब्रेकऐवजी चाळीसच्या वेगात गाडी कशाला धडकली असती, तर मागचा प्रत्येक ठोकळा सहा मीटर उंचीवरून पडल्याच्या जोराने आला असता. दुमजली घराच्या गच्चीवरून. हेच गणित मी टाकीसाठी फळ्यावर मांडतो. टाकीची मला भीती वाटते, म्हणून तिच्यासाठी घोडा केला. शिशाची भीती कुणाला वाटते? न हलणं हेच तर त्याचं काम, पाण्यात माणसाला खाली धरून ठेवायचं.

आणि एक गोष्ट. पोरग्याने विचारलं तेव्हा मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. नवखा आहे, दोन महिन्यांत काय कळणार, असंच काहीसं मनात असणार. पिकअपवाल्यांचं ‘घरचो सिलिंडर’ आणि माझं ‘खय जातला’ यात फरक काय, हे त्याने मला विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने विचारलं नाही.

परत आल्यावर दुकानात त्याने सगळ्यांना गोष्ट सांगितली. गवो इलो, एवढो मोठो, दादान् ब्रेक मारल्यान्, टाकी एक पण हलली नाय. शिशाचं नावही काढलं नाही. मी तिथेच कॉम्प्रेसरचा फिल्टर बदलत होतो. माझा मान राखायला गाळलं, की त्याच्या लेखी ती गोष्ट गव्यापाशीच संपली होती, मला कळलं नाही. मीही काही बोललो नाही, फिल्टरचं झाकण आवळत राहिलो.