लालबागच्या दोन खोल्यांतून : आमची वाटचाल

माझे वडील गिरगावातील एका छापखान्यात होते. शाळेला सुट्टी असली की मी त्यांचा डबा घेऊन तिथे जात असे आणि ते नव्या रिममधला एक ताव काढून मला आधी एका अंगाने, मग दुसऱ्या अंगाने वाकवायला सांगत. ज्या अंगाने ताव सहज वळतो, त्या वळणाला समांतर कागदाचे तंतू असतात. हवेत ओल आली की कागद तंतूंच्या लांबीपेक्षा आडव्या अंगाने अधिक फुगतो, आणि एकामागून एक रंग छापताना तो फुगला तर रंग एकमेकांवर नेमके बसत नाहीत, हे त्यांनी मला तेव्हाच समजावले होते. आज आमच्या घरी कपाटभर कागद असतो आणि त्यातला प्रत्येक ताव मशीनला लावण्यापूर्वी मी तसाच वाकवून पाहते.

गिरगावच्या वाड्या, लालबाग-परळच्या चाळी, गिरण्यांच्या चिमण्या यांची जलरंगातली चित्रे मी काढते आणि त्यांच्या छापील प्रती आम्ही घरूनच विकतो. आकार तीनच ठेवले आहेत : ए४, ए३ आणि ए२. सुरुवातीला छपाई बाहेरून करून घेत होतो. दर वेळी रंग वेगळा येई. चाळीच्या भिंतीचा जो फिकट पिवळा मी तासभर जुळवला होता तो कधी हिरवट, कधी केशरी होऊन येत असे. दोष केवळ छापणाऱ्याचा नव्हता. संगणकाचा पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद मात्र खोलीतला प्रकाश परत पाठवतो. त्यामुळे पडदा पूर्ण उजळ ठेवून तयार केलेले चित्र कागदावर काळवंडलेलेच उतरते. हे कळल्यावर मी पडद्याचा उजेड कमी केला, ज्या कागदावर छापायचे त्याच कागदाचे प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर रंग कसा उतरेल हे संगणकाला सांगणारी फाइल, वापरू लागले आणि प्रूफ ट्यूबलाइटखाली न पाहता सकाळी खिडकीपाशी पाहू लागले. २०२१ साली आम्ही ए३ प्लसपर्यंत छापणारा, पिगमेंट शाईचा प्रिंटर घेतला. डाय शाई स्वस्त असते आणि सुरुवातीला अधिक चमकदारही दिसते, पण पाण्याचा थेंब पडला की ती पसरते आणि उन्हाच्या भिंतीवर लवकर विटते. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते जास्त टिकतात. मात्र मशीन आठवडाभर बंद राहिले तर हेच कण नोझलमध्ये, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांत, सुकून बसतात. म्हणून ऑर्डर असो वा नसो, दर तिसऱ्या दिवशी एक नोझल चेक, म्हणजे सर्व छिद्रांतून शाई येते का हे दाखवणारी छोटी चाचणी छपाई, काढायचाच, हा आमच्या घरचा नेम आहे. ए२ मात्र आजही बाहेरच छापतो, कारण तेवढे मोठे मशीन ठेवायला घरात जागा नाही.

छपाई आवाक्यात आली तरी खरी परीक्षा पुढे होती. पहिल्या पावसाळ्यात आम्ही सर्व चित्रे पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून पाठवत होतो. जुलैमध्ये नागपूरच्या एका ताईंनी फोटो पाठवला : नळीचे तोंड दबलेले, आत शिरलेल्या ओलीने कागदाच्या कडा लाटेसारख्या झालेल्या, आणि चित्र इतके घट्ट वळलेले की वर चार पुस्तके ठेवूनही ते सपाट होईना. त्यांना आम्ही दुसरी प्रत पाठवली. त्या महिन्यात अशा पाच प्रती बदलून द्याव्या लागल्या आणि नफा म्हणावा असे काही उरले नाही.

नळी स्वस्त पडते, असा आमचा समज होता. मग मी हिशेब मांडला. बहुतेक कुरिअर सेवा प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जे जास्त असेल त्यावर पैसे घेतात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागले की आकारमानाचे वजन किलोत मिळते. आठ सेंटिमीटर व्यासाची, पन्नास सेंटिमीटर लांबीची नळी म्हणजे ६४० ग्रॅम. आमचे ए३ चित्राचे सपाट पाकीट ४६ बाय ३४ बाय २ सेंटिमीटर भरते, म्हणजे सुमारे ६२५ ग्रॅम. दोन्हींचा खर्च जवळजवळ सारखाच असताना आम्ही चांगला कागद विनाकारण वळवत होतो. त्या दिवसापासून ए४ आणि ए३ सपाट जातात. ए२ ला अजून नळीच वापरतो, पण ती जाड, रुंद व्यासाची असते, चित्र तंतूंच्या दिशेला समांतर वळवलेले असते आणि नळीच्या दोन्ही तोंडांशी चित्रापासून दोन बोटे जागा मोकळी सोडलेली असते.

पॅकिंग माझे सासरे पाहतात. १९८२ च्या संपापूर्वी ते गिरणीच्या घडी खात्यात होते आणि कापडाच्या घड्या घालून माल बाहेर पाठवण्याचा अनुभव त्यांच्या हातात मुरलेला आहे. मी पहिल्यांदा चित्र पुठ्ठ्याच्या मापाइतकेच कापून ठेवले तेव्हा ते म्हणाले, “सूनबाई, मालाची कड कधी बाहेरच्या कडेला टेकू द्यायची नाही. धक्का आधी कडेलाच बसतो.” तेव्हापासून पुठ्ठा चित्रापेक्षा चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर मोठा असतो. चित्रावर आधी बटर पेपर, मग पारदर्शक पिशवी, तिच्या बाहेरच्या बाजूला सिलिका जेलची पुडी. खाली-वर कप्पा बोर्ड, म्हणजे जाड कडक पुठ्ठा, त्यांची पन्हळ एकमेकांना आडवी येईल असे दोन कोरुगेटेड पुठ्ठे, आणि शेवटी खाकी कागद. पन्हळी आडव्या-उभ्या ठेवल्या की पाकीट कोणत्याही एका दिशेने दुमडत नाही. पत्ता ते स्वतः मार्करने लिहितात आणि त्यावर रुंद टेप लावतात, म्हणजे पावसात शाई उतरत नाही. पिनकोड दोनदा वाचून दाखवल्याशिवाय एकही पाकीट घराबाहेर जात नाही.

सामान आम्ही मशीद बंदर आणि अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणतो. चिंचपोकळीहून मशीद तिसरे स्टेशन, पण बोर्डाचे गठ्ठे घेऊन दुपारी लगेज डब्यातूनच यावे लागते.

गणपतीचे दहा दिवस आमच्यासाठी वेगळे असतात. लालबागच्या रस्त्यांवर त्या काळात पाय ठेवायला जागा नसते आणि पिकअपची गाडी गल्लीपर्यंत येऊ शकत नाही. म्हणून चतुर्थीच्या दोन दिवस आधीपर्यंतच्या ऑर्डर आधीच रवाना करतो. त्यानंतर येणाऱ्यांना पाठवायला उशीर होईल असे आधी कळवतो, आणि ज्यांना घाई असेल त्यांची पाकिटे मी पहाटे पिशवीत घालून परळच्या पोस्टात स्पीड पोस्टने देते. लहान गावांसाठी आम्ही एरवीही पोस्टच निवडतो, कारण खासगी कुरिअर ज्या वाडीपर्यंत जात नाही तिथे पोस्टमन जातो.

गेल्या सोमवारी चौदा पाकिटे तयार झाली. सासऱ्यांनी त्यातले सावंतवाडीचे एक पुन्हा उघडले, कारण त्यांना एक पन्हळ दबलेली वाटली होती. ती खरोखरच दबलेली होती. पुठ्ठा बदलून ते पाकीट मंगळवारी गेले आणि मी सावंतवाडीच्या ताईंना फोन करून एक दिवस उशीर होईल असे सांगितले.