कोळशाच्या खाणीवरचं कोवळं रान

आई इथे इंग्लंडला आमच्याकडे आली की तिला कुठे न्यायचं, हा प्रश्न दर खेपेला पडतो. लंडन पहिल्या वेळीच झालं. किल्ले, राजवाडे म्हणजे जिनेच जिने, आणि तिच्या गुडघ्यांना आता ते झेपत नाहीत. सहा वर्षांच्या लेकीला तर राजवाड्यात पाच मिनिटांत कंटाळा येतो. म्हणून जुलैतल्या एका शनिवारी चहा उरकून आम्ही चौघं इब्स्टॉक गावाजवळच्या सेन्स व्हॅली फॉरेस्ट पार्कला गेलो. लेस्टरपासून गाडीने साधारण अर्धा तास. जुलैत इथे रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळी निघूनही घाई नव्हती.

गाडीतून उतरून आईने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, झाडं अगदीच कोवळी आहेत की!"

तिचं बरोबर होतं. जिथे आम्ही उभे होतो तिथे १९९०च्या दशकात उघडी कोळशाची खाण होती. लेस्टरशायरचा हा सगळा पट्टाच कोळशाचा. जवळच्या एका गावाचं नावच कोलव्हिल, म्हणजे कोळशाचं गाव. खाणी एकेक करून बंद पडल्या, मागे उकरलेली जमीन आणि काम गेलेली माणसं राहिली. त्याच काळात इथे नॅशनल फॉरेस्ट उभं करायचं ठरलं. लेस्टरशायर, डर्बीशायर आणि स्टॅफर्डशायर मिळून सुमारे २०० चौरस मैलांचा प्रदेश. १९९१ साली त्यातल्या जेमतेम ६ टक्के जमिनीवर झाडं होती, आज हे प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलंय. आतापर्यंत ९० लाखांहून जास्त झाडं लावून झाली आहेत. सेन्स व्हॅली हा त्यातलाच एक छोटासा तुकडा.

वाट सपाट, खडीची, दाबून बसवलेली. बाबागाडी सहज जाईल अशी. थोडं चालल्यावर लेक एकदम थांबली आणि ओरडली, "आजी, इथे ये, झाडं रांगेत उभी आहेत!" तिच्या जागेवरून पाहिलं तर खरंच, बर्चची पांढरी खोडं शाळेतल्या मुलांसारखी एका ओळीत. दोन पावलं पुढे गेलं की ओळ मोडायची आणि पुन्हा रान व्हायचं. मग पुढचा अर्धा तास तोच खेळ. कुठे उभं राहिलं की ओळ दिसते, कुठे नाही. मला मात्र त्या ओळींनी आत कुठेतरी हलवलं. कुणीतरी फावडं घेऊन, ठरावीक अंतर मोजत, एकेक रोप हातभर उंचीचं असताना इथे खोचलं होतं.

खाणीवरची जमीन म्हणजे यंत्रांनी दाबलेली, कस नसलेली. तिथे आधी तग धरणारी झाडं लागतात. बर्च त्यातला एक, दुसरा आल्डर. आल्डरच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात. आपल्याकडे तूर-हरभऱ्याच्या मुळांवर असतात तशाच गाठी. आईला हे सांगितलं तर तिने लगेच मान डोलावली. शेतकऱ्याच्या मुलीला ते वेगळं समजवावं लागत नाही.

झाडी संपली आणि कुरण लागलं. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला. कमरेएवढं गवत, त्यात मोठ्या पांढऱ्या डेझी, जांभळे नॅपवीड, आणि मध्येमध्ये तपकिरी वाळलेल्या, फुगीर बोंडांची एक बुटकी वनस्पती. आईने वाकून एका देठाला बोटाने टिचकी मारली. खुळखुळ असा बारीक आवाज आला. तिचा चेहराच खुलला. "हा तर आपला खुळखुळा!"

माळावर शेंगा वाजवत फिरायचो तो खुळखुळा हा नव्हे, कुळ अगदी वेगळं. पण इथेही तिला यलो रॅटल, म्हणजे पिवळा खुळखुळाच म्हणतात. फुलं पिवळी, बिया पिकल्या की वाजतात. ही अर्धपरजीवी आहे. शेजारच्या गवताच्या मुळांना आपली मुळं चिकटवून त्यांच्यातलं पाणी आणि क्षार ओढून घेते. त्यामुळे गवताचा जोर कमी होतो आणि इतर रानफुलांना जागा मिळते. म्हणून कुरण करायचं असलं की लोक ही मुद्दाम पेरतात. उन्हाळा सरताना गवत कापून उचलून नेतात, कारण ते तिथेच कुजलं तर जमीन सुपीक होते आणि मग नुसतं गवतच माजतं. जमिनीचा कस मुद्दाम कमी ठेवायचा, हे मात्र आईला काही केल्या पटेना.

लेक तोवर एकेका बोंडाला कान लावून कुठलं पिकलंय, कुठलं नाही ते तपासत होती. तोडू दिलं नाही, त्यावरून थोडं रुसणं झालं. वाटेच्या कडेला नेटल नावाचं रोप असतं, त्याला हात लागला की चांगलीच आग होते, तेवढं मुलांना आधी सांगून ठेवावं.

पुढे तळी आणि लव्हाळ्यांची दलदल. पक्षी पाहायला लाकडी आडोसा केलाय, त्याच्या फटीतून आम्ही बराच वेळ पाहत बसलो. पाण्यावर अगदी टेकून सँड मार्टिन सुसाट जात होते. आपल्या पाकोळीसारखे दिसणारे हे चिमुकले पक्षी हिवाळ्यात सहारा ओलांडून आफ्रिकेत जातात आणि वसंतात परततात. आईचे गुडघे तिथे छान विसावले. लेकीने पहिल्यांदाच दहा मिनिटं कुजबुजत बोलून दाखवलं.

इथे येणाऱ्यांना मी जुन्या, घनदाट रानाआधी असं कोवळं रान दाखवेन. खाली ऊन पोहोचतं, म्हणून फुलं असतात, फुलपाखरं असतात, आणि मुलांना झाडाचा शेंडा दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मावशीशी फोनवर बोलत होती. लंडनच्या पुलाचं, राणीच्या वाड्याचं मागच्या खेपेला सांगून झालं होतं. यावेळी मी स्वयंपाकघरातून ऐकलं, "अगं, खाण बुजवून रान केलंय त्यांनी. आणि त्या रानात खुळखुळा आहे. आपलाच, फक्त बुटका."