बाकी 35

नववीत एका ऑफ तासाला गणिताचे सर आले आणि फळ्यावर 2147483647 लिहून म्हणाले, "कशाने भाग जातो ते सांगा." आम्ही 3 लावला, 7 लावला, 11, 13 लावले. घंटा झाली तरी भाग जाईना.

"जायचाही नाही, ही मूळ संख्या आहे," सर म्हणाले. "पण मी सांगतो म्हणून मानू नका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी छोटं उदाहरण घेतलं. 2 चा 11 वा घात वजा 1, म्हणजे 2047. 11 मूळ असूनही 2047 = 23 × 89. या दोन्ही विभाजकांना 11 च्या दुपटीने, 22 ने, भागा. दोन्हीकडे बाकी 1! फळ्यावरची संख्या म्हणजे 2 चा 31 वा घात वजा 1. तिला मूळ विभाजक असलाच, तर त्याला 31 च्या दुपटीने, 62 ने, भागून बाकी 1 उरायलाच हवी. शिवाय 8 ने भागून बाकी 1 किंवा 7. वर्गमूळ 46340 च्या किंचित पुढे, म्हणून तिथपर्यंतच तपासायचं. तेवढ्यात हजारो मूळ संख्या आहेत; या दोन चाळण्यांतून शंभरही उरत नाहीत. 1772 मध्ये ऑयलर या गणितज्ञाने याच वाटेने ती मूळ असल्याचं दाखवलं, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. हे ऐकून वर्ग अगदी शांत झाला होता.

आम्ही चौघांनी उरलेल्या संख्या वाटून घेतल्या आणि दिवाळीच्या सुट्टीत भागाकार करत बसलो. 311, 1303, 1489... पहिली, 311, माझ्या वाट्याला आली. माझी बाकी शून्य आली! धावत सरांचं घर गाठलं. त्यांनी वही पाहिली आणि रागावले नाहीत. "ताळा कर," एवढंच म्हणाले. ओसरीवर बसून 6905092 ला 311 ने गुणलं, तर 35 कमी पडले. सरांनी हाताला धरून चूक दाखवली नाही, याचं मोल मला फार पुढे कळलं.

सुट्टी संपली तेव्हा चारही वह्यांत एकही शून्य नव्हतं. ऑयलरनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, आमच्या शाळेच्या चार पोरांनी ती गोष्ट स्वतःच्या हाताने पडताळली होती.

पुढे मी संगणकाच्या क्षेत्रात आलो आणि हीच संख्या रोज भेटू लागली. फक्त 0 आणि 1 वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत ती म्हणजे ओळीने एकतीस 1. त्यामुळे 32 बिटांतला, म्हणजे 0 किंवा 1 मावणाऱ्या 32 घरांतला, एक अधिक-उणे चिन्हासाठी ठेवला की उरलेल्यांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद अशा जागेत मोजणारी जुनी यंत्रं 19 जानेवारी 2038 ला, आपल्याकडे सकाळचे 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंद झाले की, तिथेच अडतील. ती वेळेत बदलण्याच्या कामात सध्या मी आहे.

ती वही अजून माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर खोडलेलं शून्य, शेजारी 35, आणि त्याखाली सरांची लाल शाईतली सही.