तुम्ही विचारलंत म्हणून: गलवानचा आकडा मी का सांगत नाही

कार्यशाळा संपत आली की हा प्रश्न येतोच. हल्ली तो स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, फोनवरही येतो. "चीनच्या बातम्या कशा तयार होतात यावर शिक्षकांचा आख्खा दिवस घेता, मग गलवानमध्ये चीनचे नक्की किती सैनिक मेले ते शेवटी का सांगत नाही?" आणि पाठोपाठ, जरा आवाज खाली आणून: "तुम्ही त्यांची बाजू तर घेत नाही ना?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. नाही. लडाखच्या गलवान खोऱ्यात 15 जून 2020 च्या रात्री भारत आणि चीनच्या सैनिकांची चकमक झाली. त्यात आपले 20 जण गेल्याचं भारताने 16 जून 2020 च्या रात्रीच मान्य केलं, लगेच नावंही जाहीर केली, आणि देशाने त्यांना उघडपणे निरोप दिला. चीनने आपल्या चार मृतांची नावं सांगायला आठ महिने लावले. या दोन वागण्यांना मी एका मापाने मोजत नाही आणि हे सत्रात स्पष्ट बोलते. तरीही आकडा सांगत नाही, कारण स्वतंत्रपणे पडताळलेला आकडा आजवर कुणीही पुढे आणलेला नाही. तो का येऊ शकला नाही, हाच त्या दिवसाचा विषय आहे.

सत्र असं चालतं. पाच शिक्षकांचा एक गट, गटाला एक लिफाफा, लिफाफ्यात सहा कात्रणं. वृत्तपत्राचं नाव कापलेलं असतं. ते दिसलं की मत आधी ठरतं आणि वाचन नंतर होतं. तारीख, शक्य तिथे वेळ, आणि बातमी कुठून लिहिली ते गाव मात्र ठेवायचंच. कार्डशीटवर चार रकाने: कोणी सांगितलं, कुठून लिहिलं, सांगणाऱ्याला हे कळायचा मार्ग काय होता, आणि आकड्यात नक्की कोण मोजलंय. कात्रण दीडशे शब्दांपेक्षा मोठं नको, नाहीतर निम्मा गट वाचतो आणि उरलेला ऐकतो.

पहिलं कात्रण 16 जूनच्या दुपारचं: भारतीय लष्कराचं निवेदन, एक अधिकारी आणि दोन जवान गेले. थोड्याच वेळात ते सुधारून आलं आणि त्यात दोन्ही बाजूंच्या हानीचा उल्लेख आला. दुसरं त्याच रात्रीचं: गंभीर जखमी झालेले आणखी 17 जण त्या उंचीवर, शून्याखालच्या थंडीत दगावले, एकूण 20. तिसरंही त्याच रात्रीचं, वृत्तसंस्थेचं, सूत्रांच्या हवाल्याने: चीनची हानी 43, त्यात मृत आणि गंभीर जखमी दोन्ही. चौथं अमेरिकेतलं: तिथल्या गुप्तचरांच्या अंदाजाने 35 मृत. पाचवं 19 फेब्रुवारी 2021 चं, चिनी सैन्याच्या मुखपत्रातलं: चार मृत, रेजिमेंटचा कमांडर गंभीर जखमी. सहावं फेब्रुवारी 2022 चं, एका ऑस्ट्रेलियन वृत्तपत्राचं: 38.

आता काय काय बिघडतं ते सांगते. एखादा गट हमखास सरासरी काढायला बसतो. दुसरा गट 43 हा आकडा पाच वृत्तपत्रांत आला होता म्हणून त्याला पाच पुरावे मानतो. पाचही ठिकाणी मजकूर एकाच वृत्तसंस्थेचा होता, म्हणजे पुरावा एकच, आणि तोही निनावी सूत्राचा. मग चौथा रकाना भरताना गडबड होते: 43 मध्ये जखमीही धरलेत हे कात्रणात स्वच्छ लिहिलेलं असतं, तरी कार्डशीटवर "43 ठार" असंच उतरतं. मथळ्यांतही नेमकं हेच झालं होतं. फक्त मृतांचा 20 आणि मृत-जखमी मिळून 43 शेजारी ठेवून कोण जिंकलं ते ठरवता येत नाही. एवढी एक गोष्ट शिक्षकाने वर्गात नेली तरी माझा दिवस सार्थकी लागला असं मी समजते.

सगळ्यात जास्त वेळ पाचव्या कात्रणावर जातो, आणि जायलाच हवा. पहिली प्रतिक्रिया असते, "सरकारी आहे, फेका." फेकू नका. त्यात चौघांची नावं आहेत, त्यांतला एक नदी ओलांडताना वाहून गेल्याचं लिहिलंय, कमांडर जखमी झाल्याची कबुली आहे. एखादं सरकार स्वतःला अडचणीचं काही कबूल करतं तेव्हा निदान तेवढं तरी घडलं असं धरता येतं. चार हा आकडा तळ म्हणून वापरा. छत म्हणून नको, कारण पुढे काय झालं ते पाहा. पूर्वी शोधपत्रकारिता केलेल्या एका चिनी ब्लॉगरने वेइबो या चिनी समाजमाध्यमावर या आकड्याबद्दल शंका घेतली. लगेच त्याला ताब्यात घेतलं, आणि हुतात्म्यांच्या बदनामीच्या आरोपाखाली आठ महिन्यांची शिक्षा झाली. जो आकडा तपासायला गेलं की तुरुंग लागतो, तो कुणी खोडला नाही म्हणून खरा ठरत नाही. या ब्लॉगरच्या बातमीचं कात्रण पाचव्याच्या पाठीला टाचून ठेवते.

मग तिसरा रकाना: विचारायला कोण जाऊ शकलं असतं? त्या रात्री खोऱ्यात कुठल्याच देशाचा पत्रकार नव्हता. चीनमध्ये राहून काम करायचं तर पत्रकाराचा व्हिसा आणि परराष्ट्र खात्याचं ओळखपत्र लागतं, आणि नूतनीकरणाच्या वेळी लगाम आवळता येतो. चिनी नागरिकाला परदेशी माध्यमासाठी बातमीदार होता येत नाही, साहाय्यक म्हणूनच काम करावं लागतं. मुलाखत देणाऱ्याच्या संमतीने देशात फिरता येतं, पण तिबेटला वेगळा परवाना लागतो. मार्च 2020 मध्ये तीन मोठ्या अमेरिकी वृत्तपत्रांच्या पत्रकारांना घालवून दिलं होतं; त्याआधी अमेरिकेने चिनी सरकारी माध्यमांच्या माणसांची संख्या कापली होती. आपलंही तसंच. 2016 मध्ये भारताने शिन्हुआ या चीनच्या सरकारी वृत्तसंस्थेच्या तिघांचा व्हिसा वाढवला नाही. 2023 च्या सुरुवातीला चीनमध्ये चार भारतीय पत्रकार होते. एप्रिलमध्ये त्यांतल्या दोघांचे व्हिसा गोठले, आणि जूनमध्ये शेवटच्यालाही निघायला सांगितल्याच्या बातम्या आल्या. म्हणून बातमीत चीन असला तरी गाव तैपेई, सोल किंवा दिल्ली दिसतं. दुरून लिहिलेलं खोटंच असतं असं नाही. उपग्रहाची चित्रं, सरकारी निविदा, कंपन्यांची कागदपत्रं दुरूनही वाचता येतात. पण मेलेल्या सैनिकाच्या घरी दुरून जाता येत नाही.

पूर्वी मी माध्यमांची यादी द्यायचे: कुणावर किती भरवसा, असा क्रम लावून. यादीच्या बाजूने आजही बरंच बोलता येईल. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत सहा कात्रणं कोण उलगडणार? दहावीच्या इतिहासात 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास' हा पाठ आहे, त्याला मोजक्या तासिका मिळतात, आणि शिक्षकाला हातात धरता येईल असं काही हवं असतं. पण यादीत 43 देणारी वृत्तसंस्था वर बसते आणि चार सांगणारं मुखपत्र तळाला जातं, आणि मग दोन्ही कात्रणं कुणी वाचतच नाही. उलट बाजूही खरी आहे: यादी काढून घेतली की काही शिक्षक "सगळेच खोटं बोलतात" म्हणत घरी जातात. हा निकाल मला सगळ्यात जास्त छळतो. वर्गात तो पोचला तर यादीच बरी होती असं म्हणावं लागेल. त्यावर सध्या एवढंच करते की, शेवटच्या अर्ध्या तासात प्रत्येक गटाकडून "यातलं आपण ठामपणे काय म्हणू शकतो" अशी तीन वाक्यं लिहून घेते. 20 हा आकडा, चीनचे किमान चार, आणि आठ महिन्यांचं मौन, इतकं बहुतेक गट लिहितात.

राहिलं सहावं कात्रण. 38 चा आकडा चिनी समाजमाध्यमांवरच्या, पुढे पुसल्या गेलेल्या नोंदी गोळा करणाऱ्या संशोधकांकडून आलाय. बरेचजण वाहून गेले असा त्यांचा दावा, आणि नदीची गोष्ट पाचव्या कात्रणातही आहे. पण मूळ नोंदी आपल्यासमोर नाहीत आणि संशोधकांची नावंही नाहीत. काही शिक्षक म्हणतात, लिफाफ्यातून काढा, मुलं हाच आकडा धरून बसतील. काही म्हणतात, चीनमधल्या लोकांचा आवाज पोचायची एवढीच फट उरलीय, ठेवा. तूर्त ते लिफाफ्यात आहे, पण सगळ्यात शेवटी उघडायचं म्हणून वेगळ्या पाकिटात.